सात वळणं आणि न्हाणीचं दार

माझ्याकडे एकोणीस शाली आहेत आणि टॉवेल दोन. पोहणाऱ्या माणसाला कशाची गरज पडते, याचा सत्कार समित्यांनी फारसा विचार केलेला दिसत नाही. शालीनं पाणी टिपलं जात नाही, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. एकदा एका तलावाच्या उद्घाटनालाही मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. फीत कापली, नारळ फुटला, चार भाषणं झाली. पाणी पुढच्या महिन्यात आलं.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'यशाचं रहस्य' मागितलं आहे. माझ्याकडे रहस्य नाही, एक दार आहे. त्याचीच गोष्ट सांगते. वर सांगितलेल्या एकोणीस शालींत पहिल्या दोन धरलेल्या नाहीत. त्या या दारापायी गेल्या.

आधी धंद्याबद्दल थोडं. मी बारा वर्षं स्पर्धांमधून चारशे मीटर फ्रीस्टाइल पोहले आणि आता एका तलावावर मुलींना शिकवते. फ्रीस्टाइलचा नियम म्हणतो, कसंही पोहा. तरी झाडून सगळे एकाच पद्धतीनं पोहतात: पालथं पडून, एकाआड एक हात मारत, मान बाजूला वळवून श्वास घेत. मोकळीक मिळाली की माणसं बहुधा एकाच रांगेत लागतात. ही पद्धत सगळ्यांत वेगवान आहे, म्हणून इथे त्यांना दोषही देता येत नाही.

बाहेरून बघणाऱ्याला हा हातापायांचा खेळ वाटतो. त्यातला बराच भाग भिंतीचा आहे. मोठ्या तलावाची लांबी पन्नास मीटर. म्हणजे चारशे मीटरसाठी आठ फेऱ्या आणि मधे सात वळणं. प्रत्येक वळणाला अंगाचा कुठला तरी भाग भिंतीला लागलाच पाहिजे. जाणते लोक भिंतीजवळ पाण्यातच कोलांटी मारतात, तळपाय भिंतीवर रोवतात आणि धनुष्यातून बाण सुटावा तसे परत सुटतात. हे पाहायला टोकाला पंच बसलेले असतात. त्यांचं काम एवढंच: लागलं की नाही. लागलं नाही, तर पंच हात वर करतो आणि तुम्ही कितीही वेगानं पोहलेले असा, बाद.

मला हे सोळाव्या वर्षी कळलं, तेही बाद झाल्यावर.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, गोरेगावपासून जीपनं अर्ध्या तासावर. माझे वडील, आबा, विहिरीत उतरायचं काम करायचे. कुणाची मोटर पाण्यात पडली, पाइपाच्या बुडाची जाळी गाळानं चोंदली, घागर बुडाली, की आबांना बोलावणं यायचं. कमरेला दोर बांधून, छाती भरून श्वास घेऊन ते खाली जायचे आणि वर आम्ही मनातल्या मनात आकडे मोजायचो. त्यांनीच मला विहिरीत पोहायला शिकवलं. पाठीला रिकामा डबा बांधला, ढकललं, आणि चौथ्या दिवशी डबा सोडून घेतला.

पोहण्यात त्यांचा नियम एकच होता: भिंतीला शिवायचं नाही. जुन्या विहिरीच्या दगडांच्या सांदीत साप असतात, पण आबांना भीती सापाची नव्हती. भिंतीवरून मोटरची केबल खाली गेलेली असते. ती कुठे सोललेली असेल, हे वरून दिसत नाही. आबांबरोबर काम करणारा एक दोस्त ओल्या पाइपाला हात लावून तिथेच राहिला होता. म्हणून मी पोहत कडेला गेले की वरून आवाज यायचा, "वैशे, हातभर अलीकडून फिर!" मी हातभर अलीकडून फिरायचे. वर्षानुवर्षं फिरले. शेवटी माझ्या अंगालाच ते कळायला लागलं. डोळे मिटूनही भिंत जवळ आली की अंग आपोआप वळायचं.

शाळेतले काळे सर कबड्डीचे. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, पण नियमांची पुस्तिका त्यांनी पाठ केली होती. त्यांनी माझं नाव जिल्हा स्पर्धेत घातलं. मुलींच्या चारशे मीटरमध्ये मी एकटीच होते, पहिली आले. पुढच्या फेरीत आम्ही तिघी होतो आणि वळणाकडे बघायला कुणी बसलेलं नव्हतं. तिथेही पहिली आले. अशा रीतीनं मी राज्य स्पर्धेला पोहोचले. भिंतीला शिवायचं असतं हा नियम सरांना ठाऊक होता. तो कुणाला सांगावा लागतो, हे ठाऊक नव्हतं.

राज्य स्पर्धेत मी तिसरी आले. पाण्यातून डोकं वर काढलं, फळ्याकडे पाहिलं, तिसरी. काठावर काळे सर नाचत होते आणि नाचता नाचता फोन करत होते. पाच मिनिटांनी मुख्य पंचांनी मला बोलावलं. पांढऱ्या केसांचे, शांत गृहस्थ.

"बेटा, भिंत कुठे शिवलीस तू? सातही वेळा हातभर अलीकडून वळलीस."

"शिवायची असते?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "भिंतीचा धक्का न घेता तू तिसरी आलीस, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही," म्हणाले. "पण बाद आहेस."

हिशेब त्यांचा बरोबर होता. प्रत्येक वळणाला जाताना हातभर, येताना हातभर. मी चारशे मीटर पोहलेच नव्हते.

सरांनी फोन सरपंचांना केला होता. निकाल लागायच्या आधी. परतताना आमची जीप गोरेगावच्या स्टँडवर थांबली तर समोर हलगी वाजत होती. फ्लेक्स लागला होता: 'राज्यात तिसरी! गावची जलपरी!' कोपऱ्यात माझा शाळेच्या फॉर्मवरचा फोटो, बाकी सगळ्या फ्लेक्सभर कुणीतरी मिशीवाला पुरुष दोन्ही हात पसरून पाण्यातून वर येत होता. जलपरी नेमकी कोण, याबद्दल परक्या माणसाचा घोटाळा झाला असता.

"सर, सांगा ना त्यांना," मी म्हणाले.

सर घामाघूम. "आत्ता न्हाई, बाई. एवढी मान्सं जमली. उद्या सांगू."

मी शाल घेतली. नारळ घेतला. सरपंचांनी "आमच्या मातीतलं रत्न" असं म्हटलं तेव्हा मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं पोरगी विनयशील आहे. त्या दिवसाबद्दल मला आजही वाईट वाटतं ते बाद झाल्याचं नाही, त्या मान खाली घालण्याचं. रात्री जेवताना आबांनी विचारलं, "मेडल कुठं हाय?" मी म्हणाले, "मागून येनार हाय."

उद्या उगवला, पण सरांना सांगायला जमलं नाही. परवाही नाही. आबा रोज विचारायचे नाहीत, पण पोस्टमन दारावरून गेला की त्यांची मान वळायची. चौथ्या दिवशी आबा एका विहिरीवर निघाले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले आणि काठावर बसून सगळं सांगितलं.

आबा दोर गुंडाळत होते. गुंडाळून झाला, तो उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"म्हंजी चूक माझी हाय," म्हणाले.

"तुमची काहून?"

"तुला भितीला शिवू नको म्याच म्हनलं. तुझ्या अंगात म्याच बसवलं ते. आता काढावं बी मलाच लागंल." मग जरा थांबून, "मेडलचं खोटं बोललीस ते मात्र तुझं हाय. ते तू काढ."

मी ठरवलं, पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत जायचं आणि सातही वळणं लावून यायची. मेडलचं मग बघू. आधी पूर्ण चारशे मीटर पोहायचे.

पण भिंत आणायची कुठून? पोहण्याचा तलाव गाठायला एसटीनं जाऊन येऊन दिवस मोडायचा. विहिरीच्या भिंतीला हात लावू द्यायला आबा तयार नव्हते, आणि ते बरोबरच होतं. गावात सरळ पाणी एकाच ठिकाणी होतं: किसनमामांच्या शेततळ्यात. मामा हळद लावायचे आणि त्यासाठी मोठं तळं खणून त्यात प्लास्टिकचा कागद अंथरला होता. शेततळ्याचे काठ उतरते आणि निसरडे. पडलेला माणूस वर चढू शकत नाही, म्हणून आबांनी आधी चारही काठांना गाठी मारलेले दोर सोडले, मगच मला पाण्याजवळ येऊ दिलं.

"पोहा बापा," किसनमामा म्हणाले. "हळदीला चव आली तर सांगतो."

उतरत्या काठाला पाय रोवता येत नाही. त्याला उभी भिंत लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आबा न्हाणीचं दार बिजागऱ्यांतून काढत होते आणि माय कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अन् आंघोळ कुठं करायची? चावडीवर?"

"चार दिस परदा लाव."

"कशाचा? माझ्या लुगड्याचा?"

आबांनी इकडेतिकडे पाहिलं. ओसरीत फ्लेक्स गुंडाळून ठेवला होता, स्टँडवरून काढल्यावर सरपंचांनी मानानं घरी पाठवलेला. तो न्हाणीला बरोबर बसला. पुढची दोन-तीन वर्षं आमच्या घरातले सगळे 'राज्यात तिसरी'च्या मागे आंघोळ करत होते. पाहुणे आले की मिशीवाल्याकडे बघून विचारायचे, "ह्ये कोन?" माय सांगायची, "न्हाई बा वळखीचे."

दार तळ्याच्या एका टोकाला उभं केलं. मागून बांबूंचा टेका, खाली दगडांची पोती, वरून दोर. मधोमध डांबरानं काळी फुली. पहिल्याच दिवशी पायात दाराची कुसळं गेली. दुसऱ्या दिवशी आबांनी न विचारता माझी शाल आणली, तिची दुहेरी घडी केली आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून दारावर ठोकली. मी बघत राहिले.

"गरम हाय," आबा म्हणाले. "पायाला बरी."

शिकण्यापेक्षा सोडणं अवघड, हे वाक्य मी पुस्तकांत बरेचदा वाचलं होतं आणि ते मला कायम जरा जास्तच गोल वाटायचं. तळ्यात ते खरं निघालं. मी दाराकडे जीव तोडून यायचे आणि हातभर अंतरावर अंग आपोआप वळायचं. मी ओरडायचे, रडायचे, परत जायचे. पुन्हा तेच. इतक्या वर्षांच्या आवाजानं बसवलेली सवय होती ती. शेवटी आबांनी आवाजानंच ती काढली. ते दारामागे काठावर बसायचे आणि हातातल्या दगडानं दारावर ठोकायचे. पाण्यात आवाज लांबून येतो, आणि छातीत येतो. ठक. ठक. ठक. म्हणजे ये, अजून ये, इथे काही नाही, मी आहे. आवाज मोठा होत जायचा आणि मग पायाखाली लोकर लागायची. पहिल्यांदा लागली त्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी खालून हात दिला. कोलांटी सरांच्या फोनवरच्या चित्रफितीत पाहून शिकले. सर काठावरून चालत, शिट्टी वाजवत, पुस्तिका वाचत असायचे.

शाल ठोकल्याची बातमी गावात गेलीच. एका दुपारी सरपंच मोटरसायकलवर आले. तळ्याशी उभे राहून त्यांनी दाराकडे पाहिलं.

"आबा, ही आमची शाल न्हाई का?"

"व्हय. तुमचीच."

"मंग दाराला काहून?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझं होतं, मीच काढायचं होतं. मी गळ्याएवढ्या पाण्यात दोर धरून उभी होते. तिथूनच सांगितलं. बाद झाले, तिसरी आले नाही, माहीत असून शाल घेतली.

सरपंचांनी मागे वळून पाहिलं. बांधापलीकडे हळद खुरपणाऱ्या पाच-सहा बाया होत्या. "हळू बोल की, लेकरा. गावात कळंल."

"कळू द्या," मी म्हणाले, आणि ते मोठ्यानं म्हणाले.

सरपंचांनी पुन्हा दारावरच्या शालीकडे पाहिलं. त्यांना काय म्हणायचं आहे, याची मी धास्ती घेतली होती. ते म्हणाले, "अन् फ्लेक्स?"

"न्हानीला लावलाय."

"कापड चांगलं होतं," ते म्हणाले, आणि गाडीला किक मारली. जाता जाता ओरडले, "पुढल्या साली खरं आन मंग!"

त्यानंतर माझ्या पाठीवरून काहीतरी उतरलं. पोहताना वजनाचा फरक लगेच कळतो.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच टप्पा, पुन्हा चारशे मीटर. स्पर्धेआधी सर म्हणाले, "तिसऱ्या नंबराची भाषा करू नको. वळणं मोज." मी मोजली. एक, लागलं. दोन, लागलं. पाण्याखाली ठक ठक नव्हतं, पण मी मनात वाजवत होते. पाच, लागलं. सहा, लागलं. शेवटचं वळण राहिलं तेव्हा मी तिसरी होते. उजव्या हाताची मुलगी माझ्या खांद्याशी होती. सातव्या वळणाला कोलांटी मारली, पाय मागे फेकले आणि पायांना काही लागलं नाही. किंवा लागलं असेल, मला कळलं नाही. तळपाय दमून बधिर झाले होते.

पुढे निघून जाता आलं असतं. पंचांनी पाहिलं नसेलही. निकाल लागला असता, फोन झाला असता, हलगी वाजली असती. हा सगळा विचार मी केला असं आता लिहिताना वाटतं. पाण्यात विचार करायला एवढा वेळ नसतो. मला फक्त शाल दिसली आणि तिच्यावरच्या चुका दिसल्या. चुकल्यासारखं वाटलं तर आपल्याच रांगेत मागे फिरून भिंत शिवता येते, हे सरांच्या पुस्तिकेमुळे मला पाठ होतं. मी मागे फिरले. हात लांब केला, सबंध तळवा भिंतीवर ठेवला, आणि मग निघाले.

शेवटचे पन्नास मीटर मी कसे पोहले ते मला सांगता येणार नाही. तोपर्यंत ती मुलगी पुढे गेली होती. तिला जवळजवळ गाठलं. जवळजवळला मेडल नसतं. चौथी.

बाहेर आले तर वळणावरच्या पंच बाई छत्री मिटत माझ्याकडे आल्या.

"अगं, मागे का फिरलीस? पायाची बोटं लागली होती की तुझी. मी हात वर केलाच नव्हता."

"बाई गं," काळे सर म्हणाले. थोड्या वेळानं निकालाचा कागद फळ्यावर लागला. सरांनी तो दोनदा वाचला, माझं नाव बोट ठेवून पाहिलं, समोरची वेळ पाहिली, आणि मगच खिशातून फोन काढला.

"कळवू?"

"कळवा. चौथी. अन् बाद न्हाई म्हनावं."

या खेपेला स्टँडवर हलगी नव्हती. मोटरसायकल घेऊन आबा उभे होते, तेवढेच. मी मागे बसले. गाव जवळ आलं. मग आबांनी मान न वळवता विचारलं, "लागलं का?"

"लागलं."

"साती वळनं?"

"सात वळनं. आठ खेपा लागलं."

आबांनी गाडीचा वेग कमी केला. हिशेब जुळवत होते. मग गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून त्यांना सगळं सांगितलं: बधिर पाय, मागे फिरणं, बाईंची छत्री. सांगताना पहिल्यांदाच मला रडू आलं. आबांनी ते संपू दिलं.

"इहिरीत उतरल्यावर," ते म्हणाले, "जाळी बसली का न्हाई याचा डाउट आला तर म्या पुन्ना खाली जातो. धा खेपात नऊ खेपा ती बसलेलीच राहती."

"मंग कशाला जाता?"

"वर आल्यावर झोप लागती," आबा म्हणाले आणि किक मारली.

दाराची चाकरी पुढेही चालूच राहिली. त्याच्या पुढच्या स्पर्धेत मी दुसरी आले, सात वळणांत सात स्पर्श. या वेळी मेडल होतं, ते मी येताना गळ्यातून काढून आबांच्या हातात दिलं. त्यांनी ते दातांखाली धरून पाहिलं नाही, पण उलटंपालटं करून मागचा मजकूर वाचला. नंतर बरीच वर्षं पोहले, राष्ट्रीय स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्यांत तीनदा उतरले, अंतिम फेरीत एकदाही पोहोचले नाही. त्याची खंत आहे. ज्या वयात इतर मुली भिंत ढकलायला शिकत होत्या, त्या वयात मी ती टाळायला शिकत होते, आणि तेवढी वर्षं कुठलंच दार भरून देत नाही. आता तलावावर नवी मुलगी आली की मी तिला आधी पोहायला सांगत नाही. काठावर बसते आणि भिंतीवर दगडानं ठोकते.

त्या दुसऱ्या नंबराच्या वेळी सरपंच आमच्या अंगणात स्वतः आले. बरोबर चार माणसं, नारळ, आणि घडी न मोडलेली नवी शाल. या वेळी त्यांनी आधी मेडल हातात घेऊन नीट पाहिलं. त्यांनाही अनुभव होता. भाषण सुरू करायला घसा खाकरला, तेवढ्यात आबा पुढे झाले. शालीचं टोक चिमटीत धरून त्यांनी ती दोन बोटांत चोळून पाहिली.

"द्या," म्हणाले. "ही जाड हाय. आदीची टाचांनी पार इरली."